‘दऱ्या’ आणि ‘दर्या’: एका अर्ध्या ‘ऱ’ची राखण

सातपुड्याच्या दऱ्या. हे दोन शब्द सावकाश वाचा. आता त्यांतला दुसरा शब्द असा लिहू: दर्या. वर्ण जवळपास तेच, कानालाही अंतर थोडेच. पण डोंगरांमधली खोलगट जागा नाहीशी झाली आणि तिथे समुद्र आला. गेल्या वर्षी प्रबंधिकेसाठी खानदेशातील भिल्लांविषयीच्या एका जुन्या पुस्तकाची संगणकीय प्रत वाचत होतो, तेव्हा हा समुद्र मला पानोपानी भेटला. मुलूख तळोद्याचा, अक्राणीचा, तोरणमाळचा. आणि माणसे मात्र ‘दर्यांमध्ये’ आश्रय घेणारी. मूळ छापील पुस्तक काढून पाहिले, तर तिथे शब्द बरोबर होता. नक्कल करताना कोठेतरी एक चंद्रकोर गळली होती.

(नर्मदाकाठच्या वाचकाला यात विनोद दिसणार नाही, हे मला ठाऊक आहे. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडिताखाली आली. तिथल्या दऱ्यांचे खरोखरच पाणी झाले आहे. उद्याच्या अभ्यासकाला ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक कळणे म्हणूनच अधिक गरजेचे आहे.)

मराठीत ‘र’ अर्धा होण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक रफार, जो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो: सूर्य, आचार्य, दर्या. दुसरी चंद्रकोरीसारखी आडवी खूण, जी पुढच्या अक्षराला डावीकडून चिकटते: वाऱ्यावर, गोऱ्हे, कऱ्हाड, दऱ्या. हिंदीला दुसऱ्या तऱ्हेची गरज पडत नाही, मराठीला पडते. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटले की गुरुजी येतात आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले की स्वयंपाकी. इंग्रजीत या खुणेला ‘आयलॅश’, म्हणजे पापणीचा केस, म्हणतात. नाव गोड आहे. पण पापणीचा केस गळला तर कुणाच्या लक्षात येत नाही, ही त्यातली अडचण.

आजचा धागा या केसाच्या राखणदारीचा आहे. राजे, लढाया आणि सनदा यांत नाहीत. आहेत ते काही प्रोग्रॅमर, काही चाचण्या आणि दिवसरात्र न थकता त्या चाचण्या करणारी यंत्रे. पण हाही आपल्या लिपीचा इतिहासच आहे, आणि फार जुना नसल्यामुळे त्याची कागदपत्रे अजून शाबूत आहेत.

आधी खूण साठवली कशी जाते ते पाहू. भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली होती. चंद्रकोरीसाठी इस्कीच्या परंपरेने ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडला. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह अशी तऱ्हा होती. जुन्या मजकुरासाठी तीही चालू ठेवली गेली. शिवाय ‘ऱ’ म्हणजे ‘र’ आणि खाली नुक्ता, असे त्याचे विघटनही युनिकोडला मान्य आहे. थोडक्यात, एकच ‘दऱ्या’ तीन प्रकारे साठवता येते. डोळ्यांना तिन्ही सारख्या दिसायला हव्यात. यंत्राच्या लेखी मात्र त्या तीन वेगळ्या आकड्यांच्या माळा असतात. मोडी दफ्तरात एकाच गावाचे नाव तीन कारकुनांनी तीन प्रकारे लिहिलेले पाहिले असेल, तर ही अवस्था तुम्हांला परकी वाटणार नाही.

आकड्यांची माळ घेऊन तिची आकृती करणे, कुठे रफार, कुठे चंद्रकोर, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न्यायची की नाही, हे ठरवणे, हे काम एका स्वतंत्र सॉफ्टवेअरचे असते. मुक्तस्रोत जगात ते काम प्रामुख्याने ‘हार्फबझ’ नावाची लायब्ररी करते. लायब्ररी म्हणजे इथे ग्रंथालय नव्हे. इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोडचा साठा. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सर्वांत ती आहे. तुम्ही हा धागा फोनवर वाचत असाल, तर ही ओळदेखील बहुधा तिनेच रचली असेल. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडे, खुले. ‘ओपनटाइप’ या फॉन्टपद्धतीच्या नावाचे ते फारसी रूप. पेशवेकालीन मराठीतले फारसी शब्द हुडकणाऱ्या मंडळींनी ही नोंद वहीत करून ठेवावी.

या कोडचा उगम ‘फ्रीटाइप’ प्रकल्पात. पुढे त्याच्या दोन प्रती दोन घरी वाढल्या, एक ‘पँगो’मध्ये आणि एक ‘क्यूटी’मध्ये, आणि दोघींत फरक पडत गेला. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रॅमरने, आधी रेड हॅटमध्ये आणि नंतर गूगलमध्ये असताना, तो सारा नव्याने लिहून काढला. २०१५ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली.

२०१० हे साल आठवून पाहा. त्या वर्षी २९ सप्टेंबरला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. आधारपत्रावर नाव इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, असे दोन्ही लिप्यांत छापले जाते. पण त्याच काळात बहुतेक मोबाइलवर देवनागरी मजकूर उघडला की रिकामे चौकोन दिसत, नाहीतर वेलांट्या भलत्या जागी उभ्या असत. नागरिकाला आपल्या लिपीत नाव मिळाले होते. ते हातातल्या यंत्रावर वाचण्याची सोय अजून व्हायची होती.

मग ते बरोबर आहे हे ठरवायचे कसे? इस्फहबोद यांना मराठी येत नव्हते, तमिळ नाही, बंगालीही नाही. २०१२ च्या सुमारास त्यांनी जो मार्ग काढला तो मला फार आवडतो. विकिपीडियाच्या भारतीय भाषांतल्या मजकुरातून शब्द गोळा केले. प्रत्येक शब्द आपल्या लायब्ररीकडून रचून घेतला, तोच मायक्रोसॉफ्टच्या ‘युनिस्क्राइब’कडूनही रचून घेतला आणि दोन्ही निकाल यंत्राकरवी ताडून पाहिले. देवनागरीचे सात लाखांहून अधिक शब्द होते. काम पुढे सरकत गेले, तसे न जुळणारे शब्द शंभराच्या आत आले. आजही कोडच्या इतिहासात बदलांच्या टिपणांखाली त्या काळचे आकडे सापडतात: या लिपीत इतके उत्तीर्ण, इतके अनुत्तीर्ण. एखाद्या मोहिमेची रोजनिशी वाचावी तसे ते वाचता येतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती अशीच: पोथी समोर पोथी ठेवून, शब्दागणिक पाठभेद टिपून. फरक एवढाच की, तिथे ताडून पाहणारे शास्त्री होते. आणि धोकाही तोच. समोरची पोथी चुकलेली असेल तर? युनिस्क्राइबशी जुळणे म्हणजे मराठीशी जुळणे नव्हे. ते दुसऱ्या एका नकलेशी जुळणे होय. चूक दोघांची एकच असेल, तर ताळा बिनचूक दिसतो. म्हणून कुठेतरी, केव्हातरी, भाषा जाणणाऱ्या माणसाने ‘हे असे दिसले पाहिजे’ असे लिहून द्यावे लागते.

तो धागा पुण्याला जातो. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या टोपीचा रंग. कंपनीच्या पुण्यातील भाषा-तंत्रज्ञान गटात प्रवीण सातपुते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फॉन्टची देखभाल केली आणि जोडीला ‘यूटीआरआरएस’ नावाचा एक संदर्भसंच उभारला. कोणती अक्षरमाला दिली असता कोणती आकृती उमटली पाहिजे, याची ती यादी होती. हार्फबझच्या चाचण्यांच्या कप्प्यात देवनागरीखाली आजही त्या नावाचे दालन आहे. शेजारच्या दालनात एक छोटी फाइल आहे, जिचे नावच ‘आयलॅश’. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा पुरालेखागारात आपल्या गावाचे नाव सापडल्यासारखे वाटले.

चाचणी म्हणजे प्रत्यक्षात काय असते? हार्फबझच्या चाचणीची एक ओळ चार तुकड्यांची असते: कोणता फॉन्ट, कोणते पर्याय, कोणती अक्षरे (आकड्यांत) आणि अपेक्षित निकाल, म्हणजे कोणत्या आकृत्या कोणत्या क्रमाने, किती रुंदीच्या. फॉन्ट पूर्ण ठेवत नाहीत; त्या चाचणीला लागणाऱ्या मोजक्या आकृत्या ठेवून बाकीच्या कापून टाकतात. यंत्र ती ओळ वाचते, शब्द रचते, निकाल ताडून पाहते. जुळला तर गप्प बसते. नाही जुळला तर ओरडते. असले गप्प बसणे हजारो ओळींचे असते.

एकदा बरोबर झालेले पुन्हा पुन्हा का तपासायचे, असे कुणी विचारील. इथे छापखान्याकडे वळू. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची (१८६९) ख्याती सुबक टंकाची आणि शुद्ध छपाईची. पण खिळ्यांच्या छपाईत पुस्तक छापून झाले की खिळे सुटे करून परत खान्यांत टाकत. दुसऱ्या आवृत्तीला सारा मजकूर नव्याने जुळवावा लागे. म्हणजे पहिल्या आवृत्तीत मुद्रितशोधकाने काढलेली चूक दुसऱ्या आवृत्तीत पुन्हा जन्म घेऊ शकत असे. शुद्धिपत्रातली दुरुस्ती जुळाऱ्याच्या हातून निसटू शकत असे. सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती रोज निघते, कधी दिवसातून दहादा. कॅनडातला एक जण अरबीची दुरुस्ती करतो, जर्मनीतला एक जण वेग वाढवतो आणि दोघांच्याही नकळत मराठीची चंद्रकोर गळते. दर आवृत्तीला सात लाख शब्दांचे मुद्रित वाचणारा माणूस कुठून आणायचा?

‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ची कल्पना या अडचणीतून आली. अर्थ साधा: प्रत्येकाचा बदल महिनोन्‌महिने स्वतःपाशी न साठवता वारंवार एकत्र करायचा आणि एकत्र करताच सारे पुन्हा बांधून तपासायचे. हा शब्दप्रयोग १९९१ मध्ये ग्रेडी बूच यांच्या लेखनात येतो. केंट बेक यांनी १९९९ च्या पुस्तकात त्याला आपल्या कार्यपद्धतीचा पाया केले, २००० मध्ये मार्टिन फाउलर आणि मॅथ्यू फोमेल यांच्या लेखाने तो सर्वतोमुखी झाला आणि २००१ मध्ये थॉटवर्क्समधून ‘क्रूझकंट्रोल’ हे त्यासाठीचे साधन बाहेर पडले. पुढची कथा अधिक मानवी आहे. सन मायक्रोसिस्टिम्समधले कोहसुके कावागुची यांच्या बदलांमुळे सगळ्यांचे काम वरचेवर अडे आणि सहकारी चिडत. आपली चूक दुसऱ्यांच्या आधी आपल्याला कळावी म्हणून त्यांनी ‘हडसन’ नावाचा राखणदार लिहिला. तोच २०११ पासून ‘जेनकिन्स’.

त्याच वर्षी बर्लिनमधून ‘ट्रॅव्हिस’ ही सेवा सुरू झाली आणि मुक्तस्रोत प्रकल्पांना तिने हे सारे फुकट दिले. ज्याच्याकडे स्वतःचे यंत्र ठेवायला जागा नाही, अशा एकट्या माणसालाही मुद्रितशोधक मिळाला. हार्फबझही तिथे होती. पण आश्रयदाता बदलला की इनामे खालसा होतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २०१९ मध्ये ट्रॅव्हिस विकली गेली, २०२० च्या अखेरीस मुक्तहस्त संपला आणि हजारो प्रकल्पांनी बिऱ्हाड हलवले. बरेचसे गिटहबच्या ‘ॲक्शन्स’कडे गेले. तेही एका कंपनीचेच दान आहे. आपल्या लिपीची रोजची तपासणी कुणाच्या विजेवर चालते, हा प्रश्न मला अधूनमधून अस्वस्थ करतो.

आज हार्फबझला कुणीही बदल सुचवला की पुढचा क्रम असा: कोडसोबत ठेवलेल्या एका छोट्या आज्ञापत्रात लिहिल्याप्रमाणे दूर कुठेतरी कोरी यंत्रे जागी होतात. लिनक्स, मॅकओएस, विंडोज, अशी निरनिराळी. प्रत्येक यंत्र लायब्ररी मुळापासून बांधते, सगळ्या चाचण्या चालवते आणि हिरवी किंवा तांबडी खूण देऊन नाहीसे होते. ‘कोरे’ हा शब्द महत्त्वाचा. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर वर्षानुवर्षांचे काहीबाही साठलेले असते आणि त्याच्या आधाराने चुकीचा कोडही धकून जातो. शिवाय गूगलच्या ‘ओएसएस-फझ’ या २०१६ पासूनच्या उपक्रमात लायब्ररीपुढे रात्रंदिवस निव्वळ निरर्थक बाइट ओतले जातात; कशाने ती कोसळते का, हे पाहण्यासाठी.

नव्याने एखादी लहान लायब्ररी लिहू पाहणाऱ्याला, समजा मराठी शब्द अकारविल्हे लावणारी, हा डोलारा पाहून धडकी भरेल. त्याची गरज नाही. एक चाचणी लिहावी, ती मुद्दाम नापास होते हे पाहून घ्यावे, मग पास करावी. नंतर आज्ञापत्राच्या दहा-पंधरा ओळी. नापास होऊ न शकणारी चाचणी म्हणजे झोपलेला पहारेकरी.

आता व्याप्ती, म्हणजे ‘टेस्ट कव्हरेज’. चाचण्या चालताना कोडच्या किती ओळी प्रत्यक्षात वापरल्या गेल्या, हे मोजायची कल्पना १९६३ इतकी जुनी आहे. जोन मिलर आणि क्लिफर्ड मॅलनी यांनी त्या वर्षी ती मांडली. हार्फबझमध्येही हे मोजमाप होते, टक्केवारी निघते. तिचा उपयोग कसा, ते एका ओळीवरून सांगतो.

हार्फबझच्या भारतीय लिप्यांच्या फाइलमध्ये अक्षरांचे विघटन करणारा एक भाग आहे. त्यात ‘यांचे विघटन करू नका’ अशी टीप आहे आणि तिच्याखाली पहिलेच अक्षर आहे ०९३१, म्हणजे आपला ‘ऱ’. नियमाप्रमाणे तो ‘र’ आणि नुक्ता असा तुटला असता. तुटला की तो पुष्कळसा साध्या ‘र’सारखा वागू लागतो आणि चंद्रकोर मिळण्याची शाश्वती राहत नाही. म्हणून हा अपवाद. एका अक्षरासाठी एक ओळ. आता कल्पना करा, दहा वर्षांनी कुणी तरुण प्रोग्रॅमर सफाईला निघाला आहे. ही ओळ कशासाठी, हे त्याला कळत नाही. तिला स्पर्श करणारी एकही चाचणी नसेल, तर तो ती काढून टाकील, सगळ्या खुणा हिरव्या राहतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. चाचणी असेल, तर त्याच क्षणी कोठेतरी तांबडी खूण उमटेल. व्याप्तीचा अहवाल अशा बिनपहाऱ्याच्या ओळी दाखवून देतो.

पण टक्केवारीवर भाळू नये. ओळ वापरली गेली म्हणजे ती बरोबर ठरली असे नाही. चाचणीने दोष असल्याचे दाखवता येते, नसल्याचे नाही, हे डाइक्स्ट्रा यांनी १९६९ मध्ये रोमच्या परिषदेत बजावले होते. लिपीच्या बाबतीत तर आणखी एक आंधळी जागा आहे. कोडच्या बऱ्याच ओळी हिंदी शब्दांनीही वापरल्या जाऊ शकतात. ‘सूर्य’, ‘धर्म’, ‘कार्य’ तपासून नव्वद टक्के व्याप्ती मिळेल आणि ‘दऱ्या’ एकदाही तपासली गेलेली नसेल. यंत्र कोडच्या ओळी मोजते. भाषेच्या गरजा मोजायला त्याच्यापाशी साधन नाही. सात लाख शब्दांच्या यादीत चंद्रकोर आली, ती मराठी विकिपीडियावर कुणीतरी वाऱ्यांविषयी, कऱ्हाडविषयी, डोंगरदऱ्यांविषयी लेख लिहून ठेवले होते म्हणून. ते लिहिणाऱ्यांना आपण एका फारसी नावाच्या लायब्ररीचे मुद्रितशोधक आहोत, याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

आपल्या जिल्ह्यात अहिराणी, भिली, पावरी, मावची या भाषा बोलल्या जातात आणि लिहायच्या झाल्या की देवनागरीतच लिहिल्या जातात. या धाग्याच्या वाचकांत ती बोलणारी घरे आहेत. हार्फबझची चाचणी लिहायला प्रोग्रॅमर असण्याची गरज नाही. शब्द निवडा. तो कागदावर कसा दिसायला हवा, हे घरातल्या वाचणाऱ्या माणसाकडून किंवा छापील पुस्तकातून पक्के करा. अक्षरांचे युनिकोड आकडे काढा. लायब्ररीसोबत येणाऱ्या ‘एचबी-शेप’ या छोट्या प्रोग्रॅमला फॉन्ट आणि शब्द द्या. तो निकालाची ओळ छापतो. ती डोळ्यांनी ताडून, बरोबर असेल तर चाचण्यांच्या फाइलमध्ये घालून पाठवा. चुकीची असेल तर तक्रार नोंदवा, तिचे मोल अधिक. बाकीचे काम कोरी यंत्रे करतील, पुढच्या प्रत्येक बदलाला.

‘दऱ्या’चे आकडे मी काढून ठेवले आहेत: ०९२६, ०९३१, ०९४डी, ०९२एफ, ०९३ई.